अंगठी व्हर्जिलच्या काव्यात नाही

सप्रेम नमस्कार.

फ्रेंच संगीतकार बर्लिओझच्या 'ले त्रोयां' (ट्रॉयचे लोक) या ऑपेरातला एक प्रसंग रोमन कवी व्हर्जिलच्या काव्याबरोबरच एका चित्रातूनही आलाय, असं मी लेखात म्हटलं. त्याखाली आपण लिहिलंत: 'चित्रातून सूर निघत नाहीत. त्याने व्हर्जिल वाचला आणि ऑपेरा लिहिला, एवढंच. लूव्र फिरून आलं की लोकांना जिथेतिथे चित्रंच दिसतात.' शिवाय १८६३ची माझी चूक दाखवलीत. ती मान्य. त्या वर्षी पॅरिसच्या तेआत्र-लिरिकमध्ये पाचपैकी शेवटचे, कार्थेज नगरीत घडणारे तीनच अंक झाले होते, मी 'संपूर्ण' लिहून गेले. दुरुस्त केलंय, आभार.

पण हे सांगताना पॅरिसच्या चित्रसंग्रहालयाचं नाव घेऊन 'लूव्र फिरून आलं की' हे कशासाठी? माझे वडील हायस्कुलात चित्रकला शिकवत. रात्री रेडिओवर गाणं लागलेलं असे आणि त्यांचा हात कागदावर चालत असे. ख्याल विलंबित असला की रेघ लांबायची. हे मी लहानपणापासून शेजारी बसून पाहिलंय. मला चित्रं 'दिसायला' लागली ती विमानाच्या तिकिटामुळे नव्हे. हे आपल्याला ठाऊक नव्हतं, पण विचारता आलं असतं.

आता आपलं पहिलं वाक्य. चौथ्या अंकात ट्रॉयहून आलेला वीर ईनियस कार्थेजची राणी डिडोला ट्रॉयची कहाणी सांगतोय. शेजारी त्याचा मुलगा आस्कानियस धनुष्यावर रेलून उभा आहे, प्रेमदेवतेच्या पुतळ्यासारखा, अशी रंगसूचनाच आहे. कहाणी चालू असताना हा पोरगा राणीच्या बोटातली अंगठी हळूच काढून घेतो. तिच्या मेलेल्या नवऱ्याची अंगठी! व्हर्जिलकडे प्रेमदेव आस्कानियसचं रूप घेऊन येतो, डिडोच्या मांडीवर बसतो, तिला नवऱ्याचा विसर पाडतो. अंगठी मात्र तिथे नाही. ती आहे फ्रेंच चित्रकार गेरांच्या १८१५च्या चित्रात. तिथेही ईनियस कहाणी सांगतोय आणि पोरगं राणीला बिलगून तिच्या बोटातली अंगठी ओढतंय.

आणि सुरांचं विचाराल, तर याच क्षणावर बर्लिओझने पाच आवाजांची रचना बांधली आहे. डिडो, ईनियस, डिडोची बहीण ॲना, दरबारी कवी इयोपास, मंत्री नारबाल गातात. ज्याच्या हातात अंगठी आहे तो पोरगा मात्र एक अक्षर गात नाही. तो तिथे चित्रच आहे. ही रचना संपली की सात आवाज, मग डिडो-ईनियसचं रात्रीचं युगुलगीत. तिकडे जायची वाट त्या रिकाम्या बोटावरून जाते. आपण हा अंक ऐकलाय का, असं मला खरंच विचारावंसं वाटतं.

व्हर्जिल मी नाकारलेला नाही. वडिलांसमोर डिडोच्या मृत्यूच्या ओळी वाचताना लहानग्या बर्लिओझचा आवाज अडकला आणि वडिलांनी पुस्तक मिटलं, हे त्याच्या आठवणींतलं माझ्या लेखात पहिल्याच परिच्छेदात आहे. तिथवर आपण वाचलं असेल, असं धरून चालते.

बर्लिओझने शेक्सपिअरकडून केलेल्या 'उसनवारी'वर, भाषेवर, लेखाच्या लांबीवर आपण जे लिहिलंत त्यात मी पडत नाही. पुन्हा लिहायचं असेल, तर अंगठीबद्दल लिहा.