चित्राला भाषा नसते? मग पिपाणी आठवा

‘चित्राला भाषा नसते. आयकॉनखाली नाव लिहावं लागलं म्हणजे डिझाइन फसलं.’ ही पोस्ट आठवडाभर फिरतेय. परवा धाकट्या भावानं ती घरच्या ग्रुपवर टाकली, वर लिहिलं, ‘पटलं, नावं काढतोय.’ तो एका पतसंस्थेचं अ‍ॅप बनवतोय, म्हणून हा खटाटोप.

पोस्टचा हुकमी एक्का निवडणूक चिन्हांचा. ‘निरक्षर देशानं नुसत्या चित्रांवर मतं दिली ना?’ दिली. पण ‘ताई माई अक्का, विचार करा पक्का’ म्हणत रिक्षा गल्लोगल्ली फिरते ती कशाला? चित्राखालचं नावच ते, फक्त भोंग्यातून. तरीही २०२४च्या लोकसभेला साताऱ्यात काय झालं? शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. एका अपक्षाला मिळालं ट्रम्पेट, म्हणजे आपली पिपाणी. पक्षाचा उमेदवार सुमारे ३२ हजारांनी पडला, पिपाणीला ३७ हजार मतं. सगळी चुकूनच पडली असं कोणी सिद्ध केलेलं नाही. पण यंत्रावर आमचं चिन्ह बारीक दिसतं अशी पक्षानं तक्रार केली आणि विधानसभेआधी आयोगानं ते ठळक करायला मान्यता दिली. कोट्यवधींच्या प्रचारानंतर ही गत. भावाच्या अ‍ॅपचा प्रचार कोण करणार?

‘आयकॉन जगात सगळ्यांना कळतात.’ नीलसन नॉर्मन ग्रुपचं कामच वापरसुलभता तपासण्याचं. त्यांनी २०१४ सालीच लिहून ठेवलंय: सगळ्यांना ओळखू येणारे आयकॉन मोजकेच, घर, प्रिंटर, शोधायचं भिंग असे. बाकीच्यांना नाव द्या, आणि ते कायम दिसू द्या.

आईच्या मेलमध्ये एक डबा आहे, त्यात उतरणारा बाण. तिला वाटलं, बिल फोनमध्ये उतरवून घ्यायचं बटण. दाबलं, मेल गायब. अर्काइव्ह झालं होतं, म्हणजे इनबॉक्समधून काढून बाजूला ठेवलं गेलं होतं. दोन दिवस ती विजेचं बिल शोधत होती आणि वर ‘मलाच मेलं काही कळत नाही’ म्हणत होती. माझं डोकं फिरलं ते या वाक्यानं.

‘नावांनी स्क्रीन भरतो.’ भरतो, बाबा. ओळखीचा आयकॉन शब्दाआधी नजरेत येतो, हेही कबूल. ओळखीचा!

भावानं नव्या स्क्रीनचा फोटो पाठवलाय. त्यात दोन उलटसुलट बाण आहेत. आईला दाखवून विचारलं, हे काय असेल?

‘येण्या-जाण्याचं तिकीट?’

ते ‘पैसे पाठवा’ होतं.