सर्व हक्क त्यांच्या स्वाधीन

तुमचं पहिलं पुस्तक आलं म्हणता? अभिनंदन. आता ते चोरांपासून जपायचं कसं, ते माझ्याकडून ऐका. माझी तीन पुस्तकं आणि चार एकांकिका या नागपुरात मोकाट फिरून राहिल्या आहेत. या विषयातला माझ्याइतका जाणकार तुम्हाला बर्डीपासून महालापर्यंत शोधून मिळायचा नाही.

आधी आतल्या पानावर 'सर्व हक्क स्वाधीन' छापून घ्या. अक्षर जरा ठळक घ्या, म्हणजे मोबाइलनं फोटो काढताना फाटत नाही. माझ्या पुस्तकाच्या पीडीएफमध्ये हे पान सगळ्यांत सुरेख उठलंय.

ही पीडीएफ मला कॉलनीतल्याच एका काकांनी पाठवली. सोबत निरोप, "पाहा जी, भल्लं मस्त पुस्तक हाय." पुस्तक माझंच आहे हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, कारण मुखपृष्ठ आलंच नव्हतं. पण शीर्षकाचं पान होतं, आणि त्यावर माझ्याच अक्षरात 'सस्नेह भेट' लिहून खाली माझी सही होती. ज्याला भेट दिली त्याच्या नावावर अंगठा होता. पुढे दर दोन-तीन पानांनी तोच अंगठा खालच्या कोपऱ्यात दिसतो. शेजारच्या बोटात पुष्कराजची अंगठी. ती अंगठी मी ओळखतो. प्रकाशन समारंभात माझ्या गळ्यात हार घालताना तीच माझ्या कॉलरमध्ये अडकली होती. म्हणून सांगतो, पुस्तक भेट देताना सही जरा नीट करा. हजारो लोक पाहतात.

काही अनुभवी मंडळी सांगतील की हस्तलिखित पाकिटात घाला, सील करा आणि स्वतःच्याच पत्त्यावर पोस्टानं पाठवा. शिक्क्यावरची तारीख हाच पुरावा. अवश्य करा. मी सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत जाऊन पाठवलं. तिसऱ्या दिवशी पाकीट आलं आणि विजेचं बिल समजून बायकोनं फोडलं. तसंही आपल्या कायद्यात या पाकिटाला वेगळा काही मान नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुम्ही लिहिलं त्याच क्षणी हक्क तुमचा झालेला असतो. नोंदणीची सक्तीही नाही. तरी पुरावा हाताशी असावा म्हणून ५०० रुपये भरून दिल्लीच्या कार्यालयात अर्ज करा. कोणाला हरकत घ्यायची असेल तर ती घेता यावी म्हणून तिथे तीस दिवस थांबतात. माझ्या वेळी कोणीही हरकत घेतली नाही. चोर सज्जन असतात, ते सरकारी कामात अडथळा आणत नाहीत.

हक्क किती काळ टिकतो, तेही ऐकून ठेवा. तुम्ही गेल्यावर साठ वर्षं. आधी पन्नास होती; रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत संपत आली तेव्हा १९९२ मध्ये ती साठ केली. म्हणजे तुमच्या नातवंडांची सोय झाली. तुमची जिवंतपणीची सोय तुम्हीच पाहा.

शिक्षाही दणकून आहे बरं. कलम ६३ काढून पाहा: सहा महिने ते तीन वर्षं कैद, शिवाय ५० हजार ते दोन लाख दंड. आता फक्त तक्रार करायची. कोणाविरुद्ध? तर त्या पुष्कराजवाल्याविरुद्ध, ज्यानं तुमच्या मुलीच्या लग्नात पंगती वाढल्या. जा ठाण्यात. मी फाटकापर्यंत गेलो होतो, मग समोरच्या ठेल्यावर तर्रीपोहे खाऊन परत आलो. पैसे रोख दिले. ठेलेवाल्याला कोणी "भाऊ, एक प्लेट ग्रुपवर टाक न" म्हणत नाही, हे तेव्हा ध्यानात आलं.

नाटकवाल्यांचं मात्र वेगळं. गेल्या गणपतीत आमच्या कॉलनीत एकांकिका होती. माझी वर्गणी पाचशे एक, खुर्ची दुसऱ्या रांगेत. पडदा उघडला आणि पहिल्याच वाक्याला मी सरळ बसलो. दुसरं वाक्य मी नटाच्या आधी पुटपुटलो. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "तुम्ही पाह्यलं वाटते हे आधी?" एकांकिका माझीच, नाव बदललेलं, आणि फलकावर लेखक म्हणून दिग्दर्शकाच्या मेव्हण्याचं नाव. माझ्या विधवा आत्याची त्यांनी मावशी केली होती, बाकी स्वल्पविरामसुद्धा हलला नव्हता.

घरी येऊन मी कायदा उघडला. गंमत पाहा, कलम ५२ सांगतं की हौशी मंडळानं तिकीट न लावता केलेला प्रयोग हक्कभंगात धरत नाहीत. म्हणजे मंडपातला हा प्रयोग त्यांना तसाही फुकटच होता. माझी परवानगी नको, मानधन नको. कलम ५७ नं लेखकासाठी राखून ठेवलेल्यात पहिलं काय, तर त्याचं नाव. त्याला फलकावर खडूचा एक तुकडा लागला असता.

तर तुमच्यावर असा प्रसंग आला की चिडू नका, शेवटपर्यंत बसा, टाळ्या वाजवा. प्रयोग संपल्यावर दिग्दर्शक स्वतः प्रसादाचा द्रोण घेऊन तुमच्याकडे येईल. माझ्याकडे आला होता. द्रोण हातात देत म्हणाला, "सर, तुम्ही बी लिहता म्हणे. असं एखादं लिहून पाहा न कधी."

तेव्हा नम्रपणे म्हणायचं, "प्रयत्न करतो जी."