खाणीचा एबिटा आणि त्यातून निसटणारा खर्च

छोट्या खाण कंपनीचा एबिटा वाढता असला की तिची आर्थिक प्रकृती ठणठणीत समजावी, हे एका लेखातील विधान मला अर्धेच पटले. व्याज, कर, घसारा आणि निर्लेखन (अमूर्त मालमत्तेची किंमत टप्प्याटप्प्याने खर्ची टाकणे) वजा करण्यापूर्वीचा हा नफा कारखान्याच्या बाबतीत एकवेळ चालून जाईल, पण खाणीच्या घसाऱ्यात संपत चाललेल्या खनिजाची किंमतही दडलेली असते. त्याहून अडचणीचा आहे तो खनिजावरील माती-मुरूम हटवण्याचा खर्च. उत्पादन सुरू असताना केलेल्या या कामामुळे पुढील थर मोकळा होणार असेल, तर ‘इंड एएस १६’ या भारतीय लेखा मानकातील अटींनुसार तो खर्च मालमत्तेत धरला जातो आणि पुढे घसाऱ्यातून उतरतो; म्हणजे डंपर तेच, डिझेल तेच, पण एबिटाला त्याची झळही लागत नाही! म्हणून रोख प्रवाह विवरणातील गुंतवणूकविषयक व्यवहार आधी पाहावेत; मालमत्तेत धरलेला हा खर्च तिथे दिसतो. स्वामित्वधन, म्हणजे काढलेल्या खनिजावर सरकारला द्यावी लागणारी रॉयल्टी, मात्र सहसा एबिटापूर्वीच खर्ची पडते. खाणपट्ट्याची, म्हणजे खनिज काढण्यासाठी मिळालेल्या भाडेपट्ट्याची, शाश्वती तर या आकड्यात कुठेच दिसत नाही. गोव्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लोहखनिज खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि १६ मार्चपासून तेथील उत्खनन थांबले. आदल्या वर्षीच्या एबिटाच्या पटीत काढलेले मूल्यांकन तेव्हा कागदावरच राहिले असते.