जहाजाचा रंग शेततळ्याला? अजिबात नको

केळीवाल्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: जहाजाच्या तळाचा लाल रंग शेततळ्याला, टाकीला आतून मारा, वीस वर्षं शेवाळ धरणार नाही, नौदलही वापरतं, ऑस्ट्रेलियातही तांब्यानेच शिंपले संपवले, आणि तांबंच तर आहे, अंगाला चांगलं. मी मुंबईत गोदीत कामाला, म्हणून रावेरच्या मामांनी मलाच दोन डबे आणायला सांगितले. मामा, आणणार नाही.

'तांबंच तर आहे' हे सगळ्यात घातक. हा रंग काम करतो तोच मुळी झिजून. त्यातलं क्युप्रस ऑक्साइड, म्हणजे तांब्याचं संयुग, सतत पाण्यात उतरतं, त्या विषामुळे बार्नेकल (तळाला चिकटणारे कवचाचे समुद्री जीव), शिंपले तळाला चिकटत नाहीत. समुद्रात ते पांगतं तरी. शेततळ्यात कुठे जाणार? तिथेच साचणार, रोहू-कटला मरतील आणि तेच पाणी गुरं पितील. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 0.05 मिलिग्रॅम तांबं ही भारतीय मानकाची मर्यादा. दुसरं पाणीच नसेल तर जास्तीत जास्त 1.5. गोदीत हा रंग खरवडताना आम्ही तोंडाला मास्क लावतो, खाली पडलेला लाल चुरा झाडून वेगळा भरतो. आणि तुम्ही तो पिण्याच्या टाकीत लावणार?

नौदल वापरतं म्हणून निर्धोक? ट्रायब्युटिल टिन या कथिलाच्या विषारी संयुगाचा रंगही जहाजांच्या तळाला जगभर वापरत होते. फ्रान्सच्या आर्काशों खाडीत त्याने कालवांची (ऑयस्टरची) शेती बसली, कवचं वेडीवाकडी झाली. 1982 मध्ये फ्रान्सने लहान बोटींवर तो बंद केला; आंतरराष्ट्रीय करारानं बंदी यायला 2008 उजाडलं.

वीस वर्षं वगैरे थाप आहे. जहाज साधारण पाच वर्षांच्या आत सुक्या गोदीत घेऊन पुन्हा रंगवावंच लागतं. शिवाय शेततळ्याच्या प्लास्टिक अस्तराला हा रंग धरणारही नाही.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र खरी, मान्य करतो. 1999 मध्ये ऑस्ट्रेलियात डार्विनला परके शिंपले सापडले, तेव्हा क्लोरीन आणि मोरचूद (कॉपर सल्फेट) ओतून ते संपवले. पण शिंपले सापडले ते बोटींचे धक्के दरवाजे लावून समुद्रापासून तोडले होते, आणि आतले इतर जीवही मेले. मोरचुदाने शेवाळ मरतं हेही खरं. पण प्रमाण चुकलं की मासे जातात, आणि मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो.

टाकी झाका, खताचं पाणी तळ्यात उतरू देऊ नका. मोरचूद वापरायचंच असेल तर आधी पालच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.