‘एज्युकेट’चं ‘शिका’ झालं तेव्हा

एप्रिल उजाडला की माझ्या फोनवर तोच वाद येऊन धडकतो. बाबासाहेबांची घोषणा ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ अशी म्हणायची, की मूळ इंग्रजीप्रमाणे ‘एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइझ’ या क्रमाने? जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत त्यांनी अखेरचा सल्ला म्हणून हेच तीन शब्द याच क्रमाने उच्चारले होते. मग मराठीत मधला शब्द शेवटी गेला कसा? एक बाजू म्हणते, घोषणेची मोडतोड झाली. दुसरी म्हणते, आमच्या पिढ्या या घोषणेवर उभ्या राहिल्या, तिला हात लावू नका.

लंडनमध्ये हा वाद मला जरा वेगळा दिसतो. इथे माझ्या युनियनच्या बॅनरवर हेच तीन इंग्रजी शब्द शिवलेले आहेत. संपाच्या दिवशी थंडीत मी त्या बॅनरची काठी धरून उभी राहिले आहे. शेजारच्या सहकाऱ्यांना ते शब्द इंग्लंडच्या कामगार चळवळीचे वाटतात आणि त्यांचं म्हणणं खरं आहे. १८८३ मध्ये इंग्लिश कवी आणि कलावंत विल्यम मॉरिस यांनी डेमोक्रॅटिक फेडरेशन या समाजवादी संघटनेचं सभासद कार्ड तयार केलं, त्यावर ते होते. त्याच कार्डावर ‘स्वातंत्र्य, समता, बंधुता’ हेही होतं! बाबासाहेब १९१६ मध्ये ज्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आले, ते फेबियन समाजवाद्यांनीच काढलेलं. इथल्या हवेत घुमणारे शब्द त्यांच्या कानावर पडले नसतील, हे मला पटत नाही.

पण ते कुणाची उसनवारी करणारे नव्हते. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, तर माझे गुरू बुद्ध यांच्याकडून घेतली, असं त्यांनी १९५४ मध्ये आकाशवाणीवर स्पष्ट सांगितलं.

मोडतोड म्हणणाऱ्यांना मला एक विचारायचं आहे. तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या शब्दाच्या जागेवरून भांडता, पहिल्या शब्दाकडे नीट पाहिलंत का? ‘एज्युकेट’ म्हणजे शिकवा, दुसऱ्याला शिकवा. शिकलेल्या कार्यकर्त्याने कामगाराला शहाणं करायचं, असा त्या शब्दाचा रोख. मराठीत तो ‘शिकवा’ झाला नाही, ‘शिका’ झाला. एका ‘व’ने सगळा माणूस बदलला. ज्याला शाळेत वेगळं बसवलं, त्यालाच आता थेट हाक मारली आहे. हा बदल मला मूळ शब्दापेक्षा मोठा वाटतो.

‘ॲजिटेट’चं मात्र नुकसान झालं, हे मी मान्य करते. ॲजिटेट म्हणजे ढवळणं, घुसळणं. शिकलेल्या माणसाचं मन आधी ढवळून निघायला हवं, मग त्याने इतरांना जोडून घ्यावं. त्या क्रमाला अर्थ होता. ‘संघर्ष’ म्हटलं की डोळ्यांपुढे मोर्चाच येतो आणि मनातली घुसळण राहून जाते. काही जण ‘चेतवा’ म्हणतात. मला तो शब्द आवडतो. तो जुन्या घोषणेच्या जागी नको, तिच्याशेजारी शिकवला जावा.

मागच्या उन्हाळ्यात प्रिमरोझ हिलजवळच्या १०, किंग हेन्रीज रोड या घरी गेले होते. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहत. फाटकाशी नागपूरकडच्या एक मावशी चपला काढून उभ्या होत्या, सोबत इथे शिकायला आलेली लेक. आमच्या वादाची हकिकत मी त्यांना सांगितली. त्या हसल्या. “आमाले कोन शिकवाले येनार होतं, बाई? आपलं आपनच शिकायचं होतं.” जे मी कागदावर मांडत होते, ते त्यांनी जगलेलं होतं.

मग त्यांनी भिंतीवरच्या फलकाकडे बोट दाखवलं. त्यावर ‘इंडियन क्रुसेडर फॉर सोशल जस्टिस’ असं लिहिलं आहे. “क्रुसेडर म्हंजे काय वं?” लेक म्हणाली, लढवय्या. मी म्हटलं, धर्मयोद्धा असा जुना अर्थ, पण तो इथे शोभत नाही. मावशींना दोन्ही पटले नाहीत. स्टेशनपर्यंत चालताना आम्ही तिघी त्या शब्दाला मराठी शब्द शोधत होतो.