जैसा है, जहाँ है

इंदूरच्या राजेंद्रनगरात, आमच्या गल्लीच्या टोकाला, एक बेवारस दिसणारे घर आहे. त्याच्या कठड्यातून उगवलेल्या पिंपळाने पन्हळ कधीच फोडली आहे, आणि दारावर मालकाचे गंजलेले कुलूप व बँकेची फाटकी नोटीस असे दोघांचे हक्क शेजारी शेजारी नांदत आहेत. मालक कुठे गेला, याची शेजारच्या काकूंकडे तीन उत्तरे असून तिन्ही त्या शपथेवर सांगतात.

हे घर आपण घ्यावे, अशी दुर्बुद्धी मला तीन वर्षांपूर्वी सुचली.

बँकेतल्या साहेबांनी चहा पाजून मला कायदा समजावला. नव्वद दिवस हप्ता थकला की खाते एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होते, मग साठ दिवसांची नोटीस, मग ताबा, मग लिलाव. आणि 2002 च्या सरफेसी कायद्यामुळे यासाठी बँकेला न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. दिवाळीचा आकाशकंदील तिथेच लावायचा, असे मी मनाशी ठरवूनही टाकले.

“म्हणजे ताबा तुमच्याकडेच आहे ना?” मी विचारले.

“आहे, पण सांकेतिक,” साहेब म्हणाले.

सांकेतिक ताबा म्हणजे दारावर नोटीस डकवायची आणि ती वर्तमानपत्रात छापायची. प्रत्यक्ष ताब्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि तो येईपर्यंत प्रत्यक्ष ताबा एका करड्या मांजरीकडे आहे. तिने आतापर्यंत तिथे दोन बाळंतपणे उरकली. तिला कुणी कलम विचारले नाही.

यथावकाश लिलाव जाहीर झाला. राखीव किमतीच्या दहा टक्के अनामत आधी भरायची, बोली लागली की पंचवीस टक्क्यांचा भरणा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी पुरा करायचा आणि उरलेले पैसे पंधरा दिवसांत द्यायचे, म्हणजे या साऱ्या प्रकरणात घाई काय ती घेणाऱ्याने करायची. जाहिरातीत ‘जैसा है, जहाँ है, जो कुछ है’ असे छापले होते. त्या ‘जो कुछ है’मध्ये पिंपळ, मांजर आणि घरपट्टीची थकबाकी हे सगळे आले, असा खुलासा साहेबांनी अत्यंत प्रेमाने केला. मी अनामत भरली, आणि लिलावाच्या आदल्या दिवशी स्थगिती आली. मालक बेपत्ता असला तरी त्याचा वकील जागेवर होता.

हे प्रकरण जबलपूरच्या ऋण वसुली न्यायाधिकरणात आहे. न राहवून मी एकदा रात्रीच्या गाडीने तिथे गेलो. दोन्ही वकिलांनी एकमताने पुढची तारीख मागून घेतली; तीन वर्षांत या घराबाबत झालेले एकमत तेवढेच. परत आलो तर साहेबांची बदली झाली होती. नव्या साहेबांनी चहा मागवला आणि नव्वद दिवसांपासून सुरुवात केली.

परवा गणपतीची वर्गणी मागायला पोरे आली. आमच्या घराची पावती फाडून झाल्यावर त्यांनी दुसरी पुढे केली. टोकाच्या घराचा नंबर, आणि त्यापुढे माझे नाव. “काकूंनी सांगितलं, ते घर तुमचंच आहे म्हणून.”

पाचशे एक रुपये मी मुकाट्याने मोजले आणि पावती घराच्या फायलीत सगळ्यांत वर लावली.