‘मराठी निवडूनही इंग्रजीच’ या अभिप्रायास आमचे उत्तर

नमस्कार. ‘ब्राउझर मराठीत असूनही अ‍ॅप इंग्रजीतच उघडते, यांना मराठी नकोच आहे,’ असे लिहून आपण आम्हाला एकच तारा दिलात. आपल्याला वारंवार भाषा बदलावी लागली, याबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत.

मात्र शेवटचे वाक्य मनाला फार लागले, म्हणून सविस्तर लिहितो. आपल्या ब्राउझरचे मेनू मराठीत आहेत, हे आपण जोडलेल्या स्क्रीनशॉटमध्ये दिसते. परंतु क्रोम ब्राउझरमध्ये त्याची स्वतःची भाषा आणि संकेतस्थळांसाठी ठरवलेली पसंतीच्या भाषांची यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच स्क्रीनशॉटमधील यादीत अमेरिकन इंग्रजी पहिली, इंग्रजी दुसरी आणि मराठी तिसरी आहे. आपले मेनू कोणत्या भाषेत आहेत हे आमच्या सर्व्हरला कळत नाही. आपला ब्राउझर आमच्याकडे पान मागतो, त्या विनंतीबरोबर ‘अ‍ॅक्सेप्ट-लँग्वेज’ या हेडरमधून, म्हणजे विनंतीला जोडलेल्या माहितीच्या ओळीतून, ती यादी तेवढी आली, आणि तिच्यात पहिल्या भाषेला १, पुढच्यांना ०.९, ०.८ असे पसंतीचे उतरते वजन होते. मराठीचे वजन ०.८ असताना आम्ही परस्पर तीच दाखवली असती, तर ज्यांनी विचारपूर्वक इंग्रजी वर ठेवली आहे त्यांची तक्रार आली असती, आणि ती रास्तच ठरली असती. यादीत ‘मराठी (भारत)’ अशी नोंद असली तरी ती आमच्याकडील ‘मराठी’शी जुळावी, एवढ्या बारकाव्याचीही आम्ही काळजी घेतली आहे, मराठी नको असलेल्यांनी हा खटाटोप कशासाठी केला असता?

एक चूक मात्र निःसंशय आमची आहे. आपण पानावर मराठी निवडलीत, तेव्हा ती निवड आपल्या खात्यात नव्हे, केवळ कुकीत, म्हणजे ब्राउझरमध्ये राहणाऱ्या छोट्या नोंदीत, साठवली गेली; कुकी पुसली गेली की अ‍ॅप पुन्हा ब्राउझरच्या यादीकडे वळत असे. माणसाने स्वतः केलेली निवड यादीपेक्षा वरचढ असायला हवी, हे आम्हाला मान्य आहे. ही निवड खात्यात साठवण्याचे काम सुरू असून ते लवकरच पूर्ण होईल, आणि भाषा बदलण्याचे बटणही अधिक ठळक करण्याचा विचार आहे. तोवर यादीत मराठी सर्वांत वर सरकवून एकदा अ‍ॅप उघडून पाहावे, ही विनंती. आमचे काम लहान आहे आणि नवे ग्राहक आधी अभिप्रायच वाचतात. त्यामुळे अडचण दूर झाल्यास ‘यांना मराठी नकोच आहे’ तेवढे एक वाक्य तरी आपण मागे घ्यावे.